मरणाऱ्या पहारेकऱ्याची कैफियत



ताप उतरल्यावर ओठाच्या कडेला पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा जो पुंजका कित्येकांना उठतो, तो हर्पिस सिम्प्लेक्स नावाच्या विषाणूचा प्रताप होय. आणि वरवर क्षुल्लक भासणाऱ्या या उपद्रवामागे पेशींच्या जीवनमरणाचा जो व्यवहार चालतो, तो मला वैद्यकशास्त्रातील अत्यंत उद्बोधक प्रकरणांपैकी एक वाटतो.

आत्मनाशाची विद्या आपल्या पेशींना उपजतच अवगत असते. केर, वायली आणि करी या तिघा शास्त्रज्ञांनी १९७२ साली तिला ‘अपॉप्टॉसिस’ हे नाव दिले. आत विषाणू शिरला की पेशीने आपण होऊन मरावे, म्हणजे त्याचा वंश तिथेच खुंटावा, असा हा निसर्गाचा बंदोबस्त. त्वचेच्या सामान्य पेशीत शिरलेला हर्पिस म्हणूनच आपल्या प्रथिनांकरवी हा मृत्यूचा हुकूम रोखून धरतो. आपली प्रजा सिद्ध होईपर्यंत यजमान जगणे त्याच्या हिताचे असते.

परंतु त्वचेत डेन्ड्रिटिक नावाच्या, फांद्या फुटलेल्या पेशीही पहाऱ्यावर असतात. रॉकफेलर विद्यापीठातील राल्फ स्टाइनमन आणि झॅनव्हिल कोन यांनी १९७३ साली त्या प्रथम वर्णिल्या. शत्रूचा अंश टिपून लसिकाग्रंथीपर्यंत न्यावा आणि तेथील टी-पेशींना वर्दी द्यावी, हे त्यांचे काम. नेमका येथे प्रकार उलटा घडतो. सी-फ्लिप नावाचे जे प्रथिन एरवी मृत्यूच्या आज्ञेस अटकाव करते, त्याचा साठा विषाणुग्रस्त पेशीत ओसरतो. मग कॅस्पेज-८ आणि त्यामागोमाग कॅस्पेज-३ ही विकरे मोकळी सुटतात, पेशी आकसते, केंद्रकातील द्रव्य घट्ट होऊन त्याचे तुकडे पडतात, आवरणाला फुगे येतात आणि अखेर त्या फुग्यांच्याच पुरचुंड्या होऊन पेशी विखुरते. वर्दी देणाराच गेला, तर विषाणूचे फावणार हे उघड आहे.

तथापि मानवी पेशींवरील प्रयोगांत असे आढळले आहे की, ज्यांना लागण झालेली नाही अशा शेजारच्या डेन्ड्रिटिक पेशी त्या पुरचुंड्या गिळतात आणि त्यांतील विषाणूचे अंश टी-पेशींपुढे मांडतात. मृताची कैफियत अशी दुसऱ्याच्या हातून दाखल होते, आणि माझ्या मते या साऱ्या प्रकरणातील सर्वांत विस्मयकारक गोष्ट हीच.

नवजात अर्भकाच्या देहात मात्र हा सारा बंदोबस्त अद्याप कच्चा असतो, आणि तेथे हाच विषाणू मेंदू वा यकृत गाठून प्राणघातक ठरू शकतो. म्हणून ज्यांच्या ओठावर असा फोड उठला असेल, त्यांनी तो पुरता बरा होईपर्यंत तान्ह्या बाळाचा मुका घेऊ नये, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.