मूत्रपिंडावरच्या दोन टोप्या
(रौप्यमहोत्सवी वर्षात सोसायटीच्या आरोग्यविषयक कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली बाई आहे. सेक्रेटरी साहेब म्हणाले, "बाई, आरोग्यावर बोला." मी म्हटलं, मला फक्त माझ्याच आजारावर बोलता येईल. ते म्हणाले, मग तेच बोला. म्हणून उभी आहे.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्या इमारतीला लिफ्ट नाही हे तुम्हाला माहीतच आहे (पंचवीस वर्षांत पाच वेळा ठराव झाला, असो). दुसऱ्या मजल्यावर चढताना मी मध्ये दोनदा पायरीवर बसू लागले. जेवण जाईना. वर्षभरात वजन ५८ वरून ४७ किलोवर आलं. खाटेवरून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी. आणि मिठाची ओढ अशी की कैरी नसली तरी नुसतं मीठ तळहातावर घेऊन चाटायचे. खालच्या काकू म्हणाल्या, "काहून जी बाई, एवढ्या काळ्या पडल्या? उन्हात फिरता का?" आपल्या इकडचं ऊन ४५ च्या वर जातं, त्यामुळे मलाही ते पटलं. एकीने तर क्रीमही आणून दिलं!

तपासण्या झाल्या, टॉनिकं झाली. एका ठिकाणी सांगितलं, "ताई, तुम्ही फार मनावर घेता." दिवसभर झोपून राहणाऱ्या बाईला हे ऐकून काय वाटतं ते सांगत नाही.

शेवटी नागपूरला एका तरुण डॉक्टरांनी माझा तळहात उलटा करून पाहिला. रेषा काळ्या झाल्या होत्या. मग तोंड उघडायला लावलं, हिरड्यांवर काळे डाग. मनगटावरचा भाजल्याचा जुना व्रणही काळा. उन्हाने हिरड्या काळ्या होत नाहीत, हे विज्ञानाच्या शिक्षिकेच्या लक्षात यायला हवं होतं. त्यांनी विचारलं, "लहानपणी, तरुणपणी टीबी झाला होता का?" झाला होता, कॉलेजात असताना.

आता थोडा वर्ग घेते. दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक ग्रंथी असते, वजन चार-पाच ग्रॅम. तिला अधिवृक्क म्हणतात, डॉक्टर अॅड्रिनल म्हणतात. तिच्या बाहेरच्या सालीतून कॉर्टिसोल आणि आल्डोस्टेरॉन ही संप्रेरकं निघतात. कॉर्टिसोल रक्तदाब आणि साखर सांभाळतं, आजारपणात शरीराला तग धरायला लावतं. आल्डोस्टेरॉन मीठ धरून ठेवतं. साल नष्ट झाली की मीठ लघवीवाटे जातं, म्हणून माझी ती ओढ. माझं सोडियम १२४ होतं आणि पोटॅशियम वाढलेलं. आणि काळेपणा? मेंदूखालची पीयूषिका ग्रंथी "कॉर्टिसोल पाठवा" अशी मागणी रक्तातून करते. उत्तर येईना म्हणून ती मागणी वाढवतच जाते, आणि त्या मागणीच्या संप्रेरकामुळेच त्वचेचा रंग गडद होतो.

लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलच्या थॉमस अॅडिसन यांनी १८५५ साली हा आजार लिहून ठेवला, म्हणून तो अॅडिसनचा आजार. त्यांच्या रुग्णांत टीबीने ग्रंथी खाल्लेले बरेच होते. आज श्रीमंत देशांत शरीराचीच प्रतिकारशक्ती ग्रंथीवर उलटणं हे मुख्य कारण आहे. आपल्याकडे टीबी अजून विसरता येत नाही. टीबी बरा झाल्यावर वर्षांनीही हे होऊ शकतं.

पण खरं सांगायचं तर माझ्यासारखे रुग्ण थोडे. जास्त काळजी दुसऱ्याच प्रकाराची वाटते. गुडघेदुखीची, दम्याची, 'अंगावर मांस धरायची' जी पुडी कुणी कुणी देतो, तिच्यात पुष्कळदा स्टेरॉइड असतं. बाहेरून महिनोन्‌महिने आयतं मिळालं की आपली ग्रंथी काम सोडून देते. मग एक दिवस पुडी संपते किंवा कुणीतरी सांगतं "लगेच बंद करा", आणि माणूस कोसळतो. यात हिरड्या काळ्या होत नाहीत, त्यामुळे ओळखणं आणखी अवघड. स्टेरॉइड वाईट असतं असंही नाही. आनंदवन ज्या गावात आहे त्या गावात हे सांगायला नको: कुष्ठरोगात रिअॅक्शन आली की नसा वाचवायला प्रेडनिसोलोनच देतात, पण कित्येक आठवडे, टप्प्याटप्प्याने कमी करत. मधेच सोडायचं नाही. हाच नियम सगळ्यांना.

आणखी दोन कारणं आपल्या भागात लक्षात ठेवण्यासारखी. बाळंतपणात फार रक्तस्राव झाला तर पीयूषिका निकामी होऊ शकते, दूध न येणं ही तिची एक खूण. आणि घोणस, जिला आपण परड म्हणतो, तिच्या विषानेही असं घडलेलं आहे. शेतातला माणूस दंशातून वाचतो, घरी येतो, आणि नंतर कायम थकलेलाच राहतो.

निदान सकाळी आठच्या सुमाराच्या रक्तातल्या कॉर्टिसोलने सुरू होतं, मग इंजेक्शन देऊन ग्रंथी जागी होते का ते पाहतात. उपचार साधा आहे. मी हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या दिवसातून तीनदा घेते, सोबत मीठ धरणारी एक छोटी गोळी. जन्मभर. एक महिन्यात जिना न बसता चढले.

मग दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. लग्नाहून आले, रात्री उलट्या-जुलाब सुरू झाले. गोळ्या उलटीतच पडल्या. ताप-आजारपणात गोळी दुप्पट घ्यायची आणि उलटी झाली तर इंजेक्शनच घ्यायचं, हे मला पाठ होतं, पण उठताच येईना. समोरच्या दादांनी गाडी काढली. जिथे नेलं तिथे "गॅस झाला, सलाईन लावू" म्हणाले. माझा मुलगा फोनवरून ओरडत होता, "आधी हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम द्या!" दादांनी माझ्या पर्समधलं कार्ड डॉक्टरांपुढे धरलं, तेव्हा दिलं. अर्ध्या तासात मी बोलू लागले. दादा आज इथे बसले आहेत, त्यांना नमस्कार.

म्हणून एक विनंती. माझ्या फ्लॅटच्या दाराआड खिळ्याला निळी पिशवी टांगली आहे. त्यात इंजेक्शनची बाटली, सिरिंज आणि मराठीत लिहिलेला कागद आहे. किल्ली समोरच्या दादांकडे आणि वॉचमनकडे आहे. मी बेशुद्ध दिसले, किंवा उलट्या होऊन बरळू लागले, तर साखर-पाणी पाजत बसू नका. पिशवी घ्या, उपजिल्हा रुग्णालयात न्या आणि कागद आधी दाखवा. बाटलीची तारीख दर सहा महिन्यांनी मीच बघते. पुढच्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता, ज्यांना ती पिशवी पाहायची असेल त्यांनी चहाला या.