मान्यता आणि मैत्री यांमधली एकेचाळीस वर्षे

(प्रार्थनालयाच्या सभागृहात ज्येष्ठ सभासदांच्या मासिक बैठकीत दिलेले भाषण. ध्वनिमुद्रणावरून.)



माझे सारे शिक्षण म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा. रुग्णालयातील नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी ज्येष्ठांच्या एका अभ्यासवर्गात नाव घातले आणि तेथे आंतरराष्ट्रीय संबंधांचे सिद्धांत व मुत्सद्देगिरी हा विषय वाचू लागले. "या वयात तुला राजदूत व्हायचे आहे का?" असे माझ्या मैत्रिणी विचारीत. राजदूत कोणाला व्हायचे आहे? ज्या दोन देशांनी माझे आयुष्य घडविले, ते एकमेकांशी इतकी वर्षे असे का वागले, एवढेच मला समजून घ्यायचे होते.

आपल्या घरांतून दोन वाक्ये नेहमी कानी पडतात. "भारताने आपल्याला चाळीस वर्षे दारात उभे केले," असे जुनी मंडळी म्हणतात. "भारत तर आपला सख्खा भाऊ," असे नातवंडे म्हणतात. दोन्ही वाक्ये राष्ट्राला नातलग समजतात. एकात रुसवा आहे, दुसऱ्यात लाड. या शास्त्राचा पहिला धडाच असा की राष्ट्राकडे नातलग म्हणून पाहू नये.

आधी घटना पाहू. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी संयुक्त राष्ट्रसंघात पॅलेस्टाइनच्या फाळणीच्या ठरावाविरुद्ध भारताने मत दिले. १९४९ मध्ये इस्राएलच्या सभासदत्वालाही विरोध केला. १७ सप्टेंबर १९५० रोजी मात्र इस्राएलला मान्यता दिली. १९५३ पासून मुंबईत इस्राएलचे वाणिज्यदूत होते. दिल्लीत राजदूत नव्हता आणि तेल अवीवमध्ये भारताची वकिलात नव्हती. पूर्ण राजनैतिक संबंध जुळले ते २९ जानेवारी १९९२ रोजी. मान्यतेपासून मैत्रीपर्यंत एकेचाळीस वर्षे आणि चार महिने लोटले.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. मान्यता म्हणजे "तुमचे राज्य आहे हे आम्ही जाणतो" एवढीच कबुली. राजनैतिक संबंध ही वेगळी पायरी आहे; १९६१ च्या व्हिएन्ना करारानुसार ते दोन्ही बाजूंच्या संमतीनेच जुळतात. वाणिज्यदूत नागरिकांचे कागदपत्र, पारपत्रे व व्यापार पाहतो; सरकारशी सरकारच्या वतीने बोलणे हे राजदूताचे काम. मुंबईच्या कचेरीने आपल्यापैकी कितीतरी कुटुंबांचे स्थलांतराचे कागद केले, पण दिल्लीचे दार तिच्यासाठी उघडे नव्हते. १९८२ मध्ये तेथील वाणिज्यदूतांनी वृत्तपत्राच्या मुलाखतीत भारताच्या परराष्ट्रनीतीवर टीका केली, तेव्हा त्यांना देश सोडावा लागला.

आता सिद्धांतांकडे वळू. पहिला वास्तववाद. त्याचे मोठे आचार्य हान्स मॉर्गेन्थाऊ जर्मनीतील ज्यू कुटुंबात जन्मले आणि नाझींमुळे परागंदा होऊन अमेरिकेत प्राध्यापक झाले. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी मांडले की राष्ट्रे सत्तेच्या परिभाषेतील स्वहित पाहून चालतात. या दृष्टीने पाहता भारताला आखातातील तेल हवे होते, काश्मीरच्या प्रश्नावर अरब देशांची मते हवी होती, आणि पुढे लाखो भारतीय आखातात मजुरी करू लागले. तराजूच्या दुसऱ्या पारड्यात नवे, छोटे इस्राएल होते.

हा विचार आपल्याला परका नाही. म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनी १९०९ मध्ये छापून प्रसिद्ध केलेल्या कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाने वापरावयाची सहा धोरणे सांगितली आहेत: संधी, विग्रह, आसन, यान, संश्रय आणि द्वैधीभाव. त्यांतले आसन म्हणजे स्वस्थ बसून वाट पाहणे. मला वाटते, भारताची ती एकेचाळीस वर्षे पुष्कळशी आसनाची होती.

परंतु वास्तववादाने सारे उलगडत नाही. १९७९ मध्ये खुद्द इजिप्तने इस्राएलशी तह केला. तरीही भारत हलला नाही. तेव्हा दुसरा सिद्धांत हाती घ्यावा लागतो, तो उदारमतवाद. कांट या तत्त्वज्ञाने १७९५ मध्ये चिरशांतीवर निबंध लिहिला, तेथपासून त्याची परंपरा सांगतात. राज्यांच्या आत कोण राहते, कोण मत देते, व्यापार कोणाशी चालतो, कोणत्या संस्थांत कोण एकत्र बसते, हे तो पाहतो. भारतातील मुसलमान मतदार, अलिप्ततावादी राष्ट्रांचा गट, संयुक्त राष्ट्रसंघातील सोबती, या सर्वांचे भान दिल्लीच्या प्रत्येक सरकारला ठेवावे लागे. परराष्ट्रमंत्री एकाच वेळी दोन टेबलांवर बसलेला असतो. एक परक्यांबरोबरचे, दुसरे घरच्यांबरोबरचे.

तिसरा सिद्धांत रचनावाद. अलेक्झांडर वेंट यांचा त्यावरील गाजलेला लेख १९९२ सालचाच. राष्ट्राचे हित आधीच ठरलेले नसते. आपण कोण आहोत याविषयीच्या त्याच्या समजुतीतून ते घडते, असे हा सिद्धांत म्हणतो. ऑगस्ट १९४७ मध्ये धर्माच्या नावाने स्वतःच्या देहाचे दोन तुकडे झालेला भारत, तीनच महिन्यांनी दुसऱ्या भूमीच्या फाळणीला हात वर कसा करील? हे वाचले त्या दिवशी मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. त्या मतदानाकडे मी नेहमी येथूनच पाहिले होते. तेथून पाहण्याचे कधी सुचले नव्हते.

मग १९९२ मध्येच बदल का झाला? तिन्ही सिद्धांतांना थोडे थोडे उत्तर देता येते. डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि भारताचा जुना आधार गेला. त्याच वर्षी परकीय चलनाची गंगाजळी आटली होती आणि अमेरिकेशी जुळवून घेणे निकडीचे होते. ३० ऑक्टोबर १९९१ पासून माद्रिदच्या परिषदेत अरब आणि इस्राएली समोरासमोर बसले. त्यामुळे घरच्या टेबलावरचा आक्षेपही सौम्य झाला. २४ जानेवारी १९९२ रोजी चीनने इस्राएलशी संबंध जोडले आणि पाचच दिवसांनी नरसिंह राव यांच्या सरकारने तेच केले. रोग्याच्या तापाला एकच कारण धरून बसणारी परिचारिका फार काळ टिकत नाही. येथेही तसेच आहे.

आता थोडे स्वतःविषयी. १९८४ च्या पावसाळ्यात अलिबागजवळच्या आमच्या गावी माझी आई वारली. ती आजारी असल्याचे कळताच मी भारतात जाण्याच्या परवान्यासाठी अर्ज केला होता. त्या कचेरीचे उत्तर आले, तेव्हा शिवाचे सात दिवस उलटून गेले होते. कित्येक वर्षे मी मनात म्हणत असे की माझ्या मातृभूमीने मला आईचे मुख पाहू दिले नाही. आज या अभ्यासाने ते दुःख कमी झाले, असे मी म्हणणार नाही. पण त्यातला राग गेला. माझ्या आईचे कोणी वैरी नव्हते. तेल, मते, भीती आणि जुन्या जखमा यांच्या हिशेबात आमच्यासारख्या मायलेकींचा आकडा कोठेच मांडलेला नव्हता, इतकेच. म्हणूनच राजदूत असावा, वकिलात असावी, भांडण असले तरी बोलण्याची वाट असावी, असे मला कळकळीने वाटते. मुत्सद्देगिरीची किंमत सामान्य माणसाला अशा वेळी कळते.

आता नातवंडांच्या वाक्याविषयी. जुलै २०१७ मध्ये भारताचे पंतप्रधान प्रथमच इस्राएलला आले, तेव्हा आपण सर्वांनी आनंद केला, मीही केला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जेरुसलेमविषयी अमेरिकेने घेतलेल्या निर्णयाविरुद्धच्या ठरावाच्या बाजूने भारताने संयुक्त राष्ट्रसंघात मत दिले. तेव्हा "दगा दिला" असे शब्द मी याच सभागृहात ऐकले. बंधुभगिनींनो, तो दगा नव्हता, आणि जुलैमधली गळाभेट खोटी नव्हती. भारताचे दोन्हीकडे हितसंबंध आहेत, आणि ते त्याने लपविलेले नाहीत. भावाकडून करावी ती अपेक्षा राष्ट्राकडून केली, तर प्रत्येक मतदानाला आपले मन मोडेल. आणि मोडलेल्या मनाच्या माणसाला कोणीही भडकवू शकते, याचेच मला भय वाटते.

मराठी बोलणे, मलिदा करणे, कोकणच्या गावी जाऊन वाडवडिलांच्या कबरी झाडणे, हे प्रेम आपले आहे. ते दोन सरकारांच्या करारावर अवलंबून नाही. करार नव्हता तेव्हाही ते होतेच. सरकारांनी सरकारांचे काम करावे. आपण बातमी वाचताना तीन प्रश्न विचारावेत: यात त्या देशाचे हित कोणते? त्याच्या घरच्या टेबलावर कोण बसले आहे? आणि तो देश स्वतःला कोण समजतो? हे प्रश्न भारताला लावावेत, शेजारच्या देशांना लावावेत आणि आपल्या स्वतःच्या देशालाही लावावेत. शेवटचे सर्वांत अवघड आहे.

पुढील महिन्यापासून बैठकीनंतर अर्धा तास आपण एकेक बातमी घेऊन असे वाचन करू, असा माझा प्रस्ताव आहे. तरुणांनी जरूर यावे आणि माझे म्हणणे खोडावे.