फॉरमॅट मारण्याआधी



मी कवी माणूस. बी.ए. झालो, तेही मराठी घेऊन. यंत्रांविषयी बोलायचा अधिकार मला नाही. तरी लॅपटॉप नीट सुरू होत नाही तेव्हा काय करावं, याविषयीच आज बोलणार आहे. कारण गेल्या पावसाळ्यात एका सकाळी माझा लॅपटॉप उठलाच नाही, आणि त्यात माझ्या अम्मीच्या ओव्या होत्या.

आमच्या गावात जात्यावर बसणाऱ्या बायका ओव्या गायच्या. त्यांत आमच्या मोहल्ल्यातल्याही होत्या. अम्मीला शंभरावर ओव्या येत. ती थकल्यावर दोन उन्हाळे मी तिच्याजवळ बसून त्या मोबाईलवर रेकॉर्ड केल्या, लॅपटॉपमध्ये उतरवल्या आणि एकेक ऐकून टाइप केल्या. पुढे तो मोबाईल बिघडला, भंगारात गेला. तीन वर्षांपूर्वी अम्मीही गेली. मागे राहिलं ते ‘ओव्या’ नावाचं एक फोल्डर, आणि तेही एकाच ठिकाणी.

त्या रात्री विंडोजचं अपडेट चालू होतं आणि लाईट गेली. माझ्या लॅपटॉपची बॅटरी केव्हाच संपलेली, चार्जर लावला तरच तो चालतो. त्यामुळे अपडेट अर्ध्यावर तुटलं. सकाळी बटण दाबलं. कंपनीचं नाव आलं, खाली ठिपक्यांचं चक्र फिरू लागलं आणि फिरतच राहिलं. माझा चहा झाला, पेपर वाचून झाला, चक्र आपलं फिरतंय.

बाजारातल्या दुरुस्तीच्या दुकानात गेलो. तिथल्या मुलानं दोन मिनिटांत निदान केलं. “चाचा, विंडोज उडालंय. फॉरमॅट मारावं लागेल. संध्याकाळी घेऊन जा.”

“बरं” असं तोंडातून निघणारच होतं. तेवढ्यात विचारलं, “आतलं काही जाईल का?”

“सगळं जाईल. बॅकअप असेल ना तुमच्याकडे?”

मी लॅपटॉप पिशवीत घातला आणि घरी आलो. पुण्यातला माझा भाचा याच कामात आहे, त्याला फोन लावला.

“मामू, घाबरू नका,” तो म्हणाला. “फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणं. ते सगळ्यात शेवटी. आधी मला सांगा, तो कुठपर्यंत येतो?”

कुठपर्यंत येतो! श्रोतेहो, हा प्रश्न मला फार मोलाचा वाटला. लॅपटॉप सुरू होणं म्हणजे सकाळी शाळा भरण्यासारखं आहे. आधी वीज मिळते, म्हणजे शिपाई फाटक उघडतो. मग आतल्या पट्टीवरच्या चिपमधला एक छोटा प्रोग्रॅम जागा होऊन मेमरी, कीबोर्ड, डिस्क यांची हजेरी घेतो. त्याला बायोस किंवा हल्ली यूईएफआय म्हणतात. सगळे हजर असले की डिस्कवरून विंडोज येतं, म्हणजे हेडमास्तर येतात. शाळा कुठे अडली हे कळलं, की उपाय कुठे करायचा हे कळतं.

एकही दिवा लागत नसेल, तर अडचण फाटकाशी आहे. दुसऱ्या प्लगवर आणि जमलं तर दुसऱ्या योग्य चार्जरवर पाहावं. मग चार्जर काढून सुरू करायचं बटण तीसेक सेकंद दाबून धरावं. आत अडकून राहिलेली वीज निघून जाते. पुन्हा चार्जर लावून पाहावं. एवढ्यावर कितीतरी लॅपटॉप उठतात.

दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळाच? मग घरच्या टीव्हीला केबलनं जोडून पाहावं. तिथे चित्र आलं, तर लॅपटॉप शाबूत आहे आणि बिघाड पडद्याचा आहे. बिप वाजत असतील किंवा दिवा ठरावीक वेळा लुकलुकत असेल, तर ते मोजून कागदावर लिहावं. दुरुस्तीवाल्याला त्यावरून रोग कळतो.

कंपनीचं नाव येऊन गाडी अडली, तर आधी पेनड्राइव्ह, प्रिंटर, माउस, जे जोडलेलं असेल ते काढावं. कधीकधी लॅपटॉप पेनड्राइव्हमध्येच विंडोज शोधत बसतो.

माझी शाळा अडली होती ती हेडमास्तरांपाशी. भाच्यानं सांगितलं, चक्र फिरू लागलं की बटण दहा सेकंद दाबून बंद करा. असं दोनदा करा. तिसऱ्यांदा विंडोज आपणहून दुरुस्तीचा पडदा दाखवील. तसंच झालं. तिथे ‘ट्रबलशूट’, मग ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’. त्यात ‘स्टार्टअप रिपेअर’ केलं, काही झालं नाही. मग ‘स्टार्टअप सेटिंग्ज’मध्ये जाऊन रीस्टार्ट केलं आणि चार आकडा दाबला. हा सेफ मोड. यात विंडोज अगदी गरजेपुरतंच सामान घेऊन उठतं. पिन चालली नाही, खात्याचा पासवर्ड द्यावा लागला. पडदा ओळखू येईना इतका उघडाबोडका दिसत होता, पण कोपऱ्यात ‘ओव्या’ होतं.

मी आनंदानं ओरडलो, “झालं! आता हे अपडेट काढून टाकू?”

“नाही मामू. आधी पेनड्राइव्ह लावा. आधी नानीला बाहेर काढा.”

फोल्डर उतरवून घेतलं. पेनड्राइव्ह बायकोच्या हातात दिला. मगच पुन्हा दुरुस्तीच्या पडद्यावर जाऊन अर्धवट राहिलेलं अपडेट काढलं. अर्ध्या तासात लॅपटॉप पूर्वीसारखा सुरू झाला. फॉरमॅटची गरजच पडली नाही.

१९ जुलै २०२४ चा दिवस आपल्याला आठवत असेल. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं बंद पडली. आपल्याकडच्या विमानतळांवरही प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. तेव्हाही अनेक यंत्रं सेफ मोडमध्ये नेऊन, ती एक फाइल पुसूनच उठवावी लागली. आतली माहिती मात्र जागेवर होती. उठत नाही म्हणजे मेलं असं नव्हे, एवढं त्यातून घ्यावं.

सावधगिरीच्याही चार गोष्टी सांगतो. ‘रीसेट’ करताना ‘कीप माय फाइल्स’ आणि ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ असे दोन पर्याय येतात. बटण दाबण्याआधी ते दोनदा वाचावेत. पहिल्यातही आपण टाकलेले प्रोग्रॅम जातात. बऱ्याच नव्या लॅपटॉपची डिस्क बिटलॉकरनं कुलूपबंद असते. दुरुस्तीच्या वेळी ती ४८ आकडी किल्ली मागते. ती बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. लॅपटॉप चालू आहे तोवरच ती शोधून वहीत लिहून ठेवावी. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर पुन्हा पुन्हा सुरू करू नये, जाणकाराकडे न्यावं. चहा सांडला असेल किंवा बॅटरी फुगली असेल, तर बटणाला आणि चार्जरला हातच लावू नये.

आणि दुकानात गेलात, तर पहिलं वाक्य हे म्हणा, “आधी आतलं काढून द्या, मग यंत्राचं बघू.” विंडोज उठत नसलं, तरी बऱ्याचदा डिस्क दुसऱ्या यंत्राला जोडून फाइली काढता येतात. यंत्र बाजारात पुन्हा मिळतं. दुकानदार यंत्र दुरुस्त करतो. त्यात आपलं काय आहे, हे त्याला सांगितल्याशिवाय कसं कळणार?

त्या रात्री मी अम्मीचा आवाज ऐकत बसलो. मनात आलं, अम्मीला लिहिता येत नव्हतं, पण तिची एकही ओवी हरवली नव्हती. तिला ती तिच्या सासूकडून मिळाली. तिच्या जावांना, शेजारणींना ती पाठ होती. एक विसरली, तर दुसरी पुढची ओळ उचलायची. एक ओवी दहा घरांत नांदत होती. शिकलेला मुलगा मी, मी ती एका डब्यात कोंडली आणि बॅकअप केला नाही.

आता त्या ओव्या पेनड्राइव्हवर आहेत, ईमेलमध्ये आहेत, कागदावर छापून कपाटात आहेत. बहिणीकडे पाठवल्या, तर दुसऱ्याच दिवशी तिचा फोन आला, “भाईजान, अकरावी ओवी तुम्ही चुकीची लिहिलीय.” आणि तिनं ती फोनवर गाऊन दाखवली.

ते दुरुस्त करून ठेवलंय. सगळ्या ठिकाणी.