हे घड्याळ आपण का बांधतो?

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी सोहळ्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थेला पंचवीस वर्षे पूर्ण झाली, त्याबद्दल सर्वप्रथम आपणा सर्वांचे मनःपूर्वक अभिनंदन. आरोग्यावर दोन शब्द बोला, असा समितीचा आग्रह होता. मी डॉक्टर नाही, माझं आयुष्य बँकेत गेलं. त्यामुळे औषधपाण्याबद्दल मी बोलणार नाही. पण माणूस नवी वस्तू का घेतो आणि घेतल्यावर ती खरंच वापरतो का, हे बँकेच्या खुर्चीवरून मी पुष्कळ पाहिलं आहे. म्हणून आजचा विषय आहे पावलं, नाडी आणि झोप मोजणारं घड्याळ. या सभागृहातच कितीतरी मनगटांवर ते दिसतं आहे. वेळ सांगणं हे त्याचं सर्वांत किरकोळ काम!

बँकेत कर्जाच्या अर्जावर एक रकाना असतो, ‘कर्जाचे प्रयोजन’. तो रिकामा असला की आम्ही अर्ज परत करायचो. हे घड्याळ घेताना तो रकाना आपण भरतो का, एवढंच मला विचारायचं आहे.

पावलं मोजायची कल्पना काही आजची नाही. १९६५ साली जपानमध्ये कमरेला लावायचं एक यंत्र विक्रीला आलं. त्याचं नाव ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. आज जो तो ‘रोज दहा हजार पावलं’ म्हणतो, तो आकडा जगभर पसरला तो या यंत्राच्या नावातून. डॉक्टरांच्या चिठ्ठीतून नव्हे. पुढे हे यंत्र कमरेवरून मनगटावर आलं. २०१५ साली ॲपलचं महागडं घड्याळ आलं आणि त्याच वर्षी शाओमीचा पट्टा भारतात ९९९ रुपयांना मिळू लागला. मग नॉईज, बोट, फायर-बोल्ट या आपल्या देशातल्या कंपन्यांनी हजार-दोन हजारांत घड्याळं आणली. बुटांच्या जोडीएवढी किंमत झाल्यावर फार विचार कोण करतो? हे झालं पहिलं कारण.

दुसरं कारण म्हणजे शेजारी. १९४३ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात ब्राईस रायन आणि नील ग्रॉस या दोन अभ्यासकांनी एक पाहणी प्रसिद्ध केली. शेतकऱ्यांनी मक्याचं संकरित बियाणं का स्वीकारलं, हा तिचा विषय होता. त्यांना असं दिसलं की बियाण्याची माहिती बहुतेकांना विक्रेत्याकडून मिळाली, पण निर्णय झाला तो शेजाऱ्याचं पाहून. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. १९६४ साली ज्वारीचं सीएसएच-१ हे संकरित वाण आलं. ‘हायब्रीड’ हा शब्द मराठवाड्यात रुळला तो असाच, एका बांधावरून दुसऱ्या बांधावर. घड्याळाचंही तेच आहे. जाहिरात सगळेच बघतात, पण सकाळच्या फिरण्यात सोबतचा म्हणतो, “माझी सहा हजार झाली, तुमची किती?” आणि संध्याकाळी आपण दुकानात असतो.

तिसरं कारण भीती. भारतात मधुमेहाचे दहा कोटींहून अधिक रुग्ण आहेत, असा अंदाज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अभ्यासातून २०२३ साली पुढे आला. घरटी एक तरी शुगर किंवा बीपीवाला आहे. त्यातून कोरोना आला आणि ऑक्सिमीटर घरोघरी पोहोचला. बोटाला चिमटा लावून ‘९६ आहे, ९७ आहे’ म्हणायची सवय आपल्याला तेव्हा लागली. शरीराचा आकडा घरी बसून बघता येतो, हे माणसाला एकदा कळलं की तो परत मागे जात नाही.

चौथं कारण आपल्या पिढीचं. मुलं पुण्याला, हैदराबादला, कुणाची परदेशात. दिवाळीला येतात आणि आई-बाबांच्या मनगटावर घड्याळ बांधून जातात. ते यंत्र कमी आणि काळजी जास्त असते. हे कारण मला सर्वांत मोठं वाटतं. पण एक लक्षात घ्या, यात प्रयोजनाचा रकाना मुलांनी भरलेला असतो आणि वापरायचं असतं आपल्याला.

फ्रेड डेव्हिस नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ साली सांगितलं की नवं तंत्र माणूस दोन गोष्टी बघून स्वीकारतो: ते उपयोगाचं वाटतं का आणि वापरायला सोपं वाटतं का. पुढे २०१२ साली विश्वनाथ वेंकटेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्राहकांचा विचार करून त्यात मौज, किंमत आणि सवय यांची भर घातली. या सगळ्यांत सवय सर्वांत अवघड, कारण ती दुकानात मिळत नाही.

घेणं वेगळं आणि वापरणं वेगळं. आपल्या भागात खरिपाला हायब्रीड पेरलं, तरी घरच्या भाकरीला लोकांनी मालदांडीच ठेवली. जिथे उपयोग तिथे नवं घेतलं, जिथे पटलं नाही तिथे जुनं सोडलं नाही. घड्याळाचा अनुभव जगभर असाच आहे. २०१४ सालच्या अमेरिकेतल्या एका पाहणीत असं दिसलं की अशी उपकरणं घेणाऱ्यांपैकी एक तृतीयांश लोकांनी सहा महिन्यांत ती काढून ठेवली. पिट्सबर्ग विद्यापीठाने ४७१ तरुणांवर दोन वर्षं प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष २०१६ साली आले. आहार-व्यायामाच्या मार्गदर्शनाबरोबर ज्यांना उपकरण दिलं, त्यांचं वजन सरासरी साडेतीन किलोंनी उतरलं. ज्यांना उपकरण दिलं नव्हतं, त्यांचं जवळजवळ सहा किलोंनी!

म्हणजे घड्याळ निरुपयोगी का? तसं नाही. पावलं मोजणाऱ्या साध्या यंत्रांवरच्या अनेक अभ्यासांचा आढावा २००७ साली घेतला गेला. ती वापरणारे लोक रोज दोन हजारांहून जास्त पावलं अधिक चालू लागले होते, आणि त्यात महत्त्वाची गोष्ट ठरली ती समोर ठरवलेलं उद्दिष्ट. उद्दिष्ट म्हणजेच प्रयोजन. ते असेल तर यंत्र कामाला येतं, नसेल तर ते पितळी समईसारखं कपाटात राहतं.

ते उद्दिष्ट किती असावं? हे माझ्या वयाच्या मंडळींनी नीट ऐकावं. अमेरिकेत सरासरी ७२ वर्षं वयाच्या जवळजवळ सतरा हजार स्त्रियांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. रोज २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी आढळलं. साडेसात हजारांच्या पुढे मात्र फारसा फरक दिसला नाही. तेव्हा दहा हजार झाली नाहीत म्हणून रात्री जेवण झाल्यावर हॉलमध्ये येरझाऱ्या घालून गुडघे दुखवून घेण्याचं कारण नाही.

आता एक गंभीर गोष्ट. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने एक स्वस्त घड्याळ घेतलं, ते शुगरही दाखवायचं. आकडा रोज छान यायचा, म्हणून त्यांनी संध्याकाळची गोळी बंद केली. वहिनींना शंका आली, म्हणून त्यांनी रक्त तपासून घेतलं. लॅबचा आकडा बघून घरात सगळे गप्प झाले. सुदैवाने वेळेत कळलं. सुई न टोचता स्वतःच रक्तातली साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला आम्ही मान्यता दिलेली नाही, असा स्पष्ट इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला आहे. नाडीचं तसं नाही. घड्याळाच्या पाठीवरचा हिरवा दिवा रक्ताच्या प्रवाहाबरोबर कमी-जास्त परावर्तित होतो, त्यावरून ठोके मोजले जातात. ते पुष्कळसं जमतं. पण गोळी बदलायची ती डॉक्टरांना विचारूनच.

आणि बँकवाल्याची एक सूचना. पासबुक आपण कुणाच्याही हाती देत नाही. या घड्याळात आपल्या झोपेचं, नाडीचं आणि आपण कुठे फिरलो याचं पासबुक असतं. ॲप सुरू करताना ‘मान्य आहे’ दाबण्यापूर्वी नातवाला शेजारी बसवा आणि काय काय मान्य करतो आहोत ते वाचून घ्या. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आहे, पण सही आपलीच असते.

कोजागिरीला आपल्या जिल्ह्यातून हजारो माणसं चालत तुळजापूरला जातात. इथून वीस-पंचवीस किलोमीटरची वाट, म्हणजे तीस-पस्तीस हजार पावलं. कितीतरी जणांच्या पायात धड चप्पल नसते, मनगटावर घड्याळ तर लांबच. त्यांचं प्रयोजन पक्कं असतं. यंत्राने आपल्याला ते मिळणार नाही. आधी कशासाठी चालायचं ते ठरवू. नातवाच्या लग्नात उभं राहायचं आहे, जिना न थांबता चढायचा आहे, काहीही असो. मग मोजायला घड्याळ खुशाल घ्यावं.

शेवटी कार्यकारिणीला एक विनंती. आपल्या आवाराच्या एका फेरीत किती पावलं होतात ते दोन-तीन जणांनी चालून मोजावं आणि तो आकडा गेटजवळच्या फलकावर लिहावा. म्हणजे घड्याळ नसलेल्यालाही आपला हिशेब ठेवता येईल. रौप्यमहोत्सवाची आठवण म्हणून एवढं केलं, तरी खर्च फक्त रंगाच्या एका डबीचा आहे.

सुवर्णमहोत्सवाला आपण सर्वजण स्वतःच्या पायांनी चालत या, ही शुभेच्छा.