चढणीला तापणारी जुनी जीप



वरंधा घाटाची चढण.
तुमची जुनी फोर-व्हील ड्राइव्ह जीप.
तापमानाचा काटा वर सरकतो.
सपाट रस्त्यावर मात्र ती तापत नाही.
मग आधी पंखा बघा.

भरधाव गाडीला समोरून वारा मिळतो.
संथ चढणीवर तो पंख्यालाच ओढावा लागतो.

अनेक जुन्या गाड्यांत पंख्यामागे व्हिस्कस क्लच असतो.
त्यात सिलिकॉनचं तेल असतं.
ते गळालं, की पंखा सैल पडतो.

इंजिन बंद करा.
किल्ली काढा.
गरम इंजिनावर पंखा हाताने फिरवा.
तो जड लागायला हवा.
भिरभिरला, तर क्लच बदला.

पुन्हा सांगते.
चढणीला तापते, सपाटीला नाही?
आधी पंखा बघा.

आणि कळकळीची विनंती.
गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका.
उकळतं पाणी थेट तोंडावर उडतं.