आठवीच्या हजेरीपटावरची नावे

(एका ग्रामीण माध्यमिक विद्यालयाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त शिक्षक व पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



सुवर्णमहोत्सव म्हटला की गौरवाची भाषा ओघानेच येते आणि पन्नास वर्षे निष्ठेने चाललेल्या शाळेला तो मानही आहे. परंतु आपल्या मुख्याध्यापकांनी मला निमंत्रण देताना वेगळीच अट घातली. ते म्हणाले, "कौतुक करणारे पुष्कळ येतील. शाळा कशी तपासून पाहावी, एवढेच तुम्ही सांगा." उत्सवाच्या मंडपात आरसा मागवणे हे धाडसाचे काम आहे. त्याबद्दल मी प्रथम त्यांचे अभिनंदन करतो.

समर्थ रामदासांनी दासबोधात मूर्खांची लक्षणे सांगितली आणि तेवढ्यावर न थांबता पढतमूर्खांसाठी एक स्वतंत्र समास लिहिला. न शिकलेल्याच्या चुकीपेक्षा शिकलेल्याची चूक समाजाला अधिक महागात पडते, हे त्यांनी ओळखले होते. शाळा ही तर शिकलेल्यांची वास्तू. तिने आत्मपरीक्षण केले नाही, तर मुलांना ते कोण शिकवणार?

शाळेच्या मूल्यमापनाची सरकारी चौकट आता आपल्याकडे आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये 'शाळासिद्धी' हा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. साधनसुविधा, अध्ययन-अध्यापन, विद्यार्थ्यांची प्रगती, शिक्षकांचा विकास, नेतृत्व व व्यवस्थापन, समावेशन-आरोग्य-सुरक्षा आणि समाजाचा सहभाग अशी त्याची सात क्षेत्रे आणि ४६ गाभा मानके. शाळेने प्रथम स्वतःचे मूल्यमापन करावे, मग बाहेरच्यांनी ते पडताळावे, अशी त्याची रचना. रचना उत्तम आहे. पण कोणत्याही प्रपत्राची किंमत ते भरणाऱ्याच्या प्रामाणिकपणाएवढीच असते. 'ग्रंथालय आहे काय?' या प्रश्नाला 'आहे' असे उत्तर देता येते, मग कपाटाची किल्ली वर्षभर कोणाच्या खिशात होती हे कोणी विचारत नाही.

शाळेचे बळ कोठे दिसते?

म्हणून मी शाळेत गेलो की इमारतीआधी नोंदवह्या पाहतो. ग्रंथालयाच्या देवघेवीच्या वहीत गेल्या महिन्यात किती मुलांची नावे आहेत? प्रयोगशाळेतील परीक्षानळ्या फुटतात की नाही? एकही नळी फुटत नसेल तर मुलांचा हात तेथवर पोचलेला नाही, असे खुशाल समजावे. शिपाईमामांना किती मुले नावाने ठाऊक आहेत, हेही मी विचारतो. ज्या शाळेत घंटा देणारा माणूस मुलाच्या आजारी आईची चौकशी करतो, त्या शाळेला मी मनातल्या मनात वरची श्रेणी देऊन टाकतो.

दुसरे बळ शिक्षकांचे. जानेवारी १८८० मध्ये पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले. लवकरच आगरकरही त्यांना येऊन मिळाले. त्या शाळेचे आरंभीचे मुख्याध्यापक वामन शिवराम आपटे. त्यांचा १८९० चा संस्कृत-इंग्रजी कोश आजही अभ्यासकांच्या हाताशी असतो. वर्गात शिकवणारा माणूस स्वतः शिकत होता. आपल्या प्रत्येक शिक्षकाने कोश लिहावा असे मी म्हणत नाही. परंतु शिक्षककक्षात पगारवाढ आणि बदल्या यांच्याखेरीज एखाद्या पुस्तकाची चर्चा होते का, हा प्रश्न रास्त आहे.

तिसरे बळ समाजाच्या परिस्थितीशी जुळवून घेण्याचे. अहिल्याबाई होळकर योजनेमुळे खेड्यातील मुलींना शाळेसाठी एसटीचा प्रवास विनामूल्य आहे. पण जादा तास सहाला सुटत असेल आणि वाडीकडे जाणारी शेवटची गाडी साडेपाचला असेल, तर पास हातात असूनही त्या मुलीला वर्ग बंदच. आपल्या शाळेने गाडीच्या वेळेनुसार जादा तास सकाळी ठेवले, हे मला येथे आल्यावर कळले. कोणत्याही ढालीपेक्षा मी हे भूषण मोठे मानतो.

शंभर टक्क्यांच्या बाहेर

आता उणिवेकडे वळतो आणि आरंभ स्वतःपासून करतो. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका तालुक्यातील शाळेचा दहावीचा निकाल शंभर टक्के लागला. मी मोठ्या उत्साहाने बातमी लिहिली, पेढे भरवतानाचे छायाचित्र छापले. पुढे दोन महिन्यांनी त्याच गावात माझी दुचाकी पंक्चर झाली. दुकानात पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा चाक उघडत होता. अंगात शाळेच्या गणवेषाचा जुना सदरा, खिशावरचे बोधचिन्ह उसवून काढलेले. मी विचारले, "काय रे, शाळेत जात नाहीस?" तो मान वर न करता म्हणाला, "होतो ना काका, त्याच शाळेत. नववीत सरांनी वडिलांना बोलावलं. म्हणाले, याचं गणित कच्चं आहे, दाखला घ्या आणि बाहेरून सतरा नंबरचा फॉर्म भरा. वडिलांनी दाखला घेतला. फॉर्मचं राहूनच गेलं."

बंधूंनो, माझ्या बातमीतील त्या शंभरात तो मुलगा नव्हता. तो कोठेच नव्हता. अनुत्तीर्णांच्या यादीतसुद्धा नाही.

बाहेरून परीक्षेला बसण्याची ही सोय वास्तविक शाळा सुटलेल्यांना पुन्हा आत येता यावे म्हणून आहे. तिचा उपयोग आत असलेल्यांना बाहेर काढण्यासाठी होऊ लागला, तर तो योजनेचा दोष नाही. साधा हिशेब करून पाहू. समजा, एका शाळेत आठवीला १०० मुले होती. दहावीपर्यंत ३० गळाली, ७० परीक्षेला बसली आणि सर्व उत्तीर्ण झाली. फलकावर लिहिले जाईल शंभर टक्के. दुसऱ्या शाळेने आठवीची सर्व १०० मुले परीक्षेला बसवली आणि ८५ उत्तीर्ण झाली. वर्तमानपत्रात दुसरी शाळा मागे पडली, पण गावाच्या पदरात तिने १५ उत्तीर्ण मुले अधिक घातली. यांपैकी चांगली शाळा कोणती, याचे उत्तर आपणच द्यावे.

मुख्याध्यापकांची अडचण मी जाणतो. निकाल घसरला की पालक मुले दुसरीकडे नेतात, पटसंख्या घटते, तुकडी जाते आणि तुकडीबरोबर शिक्षकही अतिरिक्त ठरतो. म्हणजे या दोषात आपण सारे वाटेकरी आहोत. निकालाचा आकडा पाहून शाळा निवडणारे पालक आहेत, तो आकडा ठळक छापणारे आम्ही पत्रकारही आहोत.

आणि कच्चे गणित एकट्या मुलाचे नसते. 'प्रथम' संस्थेच्या २०२३ च्या 'असर' पाहणीत २६ राज्यांतील २८ जिल्ह्यांमध्ये ग्रामीण भागातील १४ ते १८ वयाची मुले तपासली गेली. त्यांतील सुमारे चतुर्थांश मुलांना आपल्या भाषेतील दुसरीच्या पातळीचा मजकूर अडखळल्याशिवाय वाचता आला नाही. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचे गणित निम्म्याहून कमी मुलांनी बरोबर सोडवले. असे मूल आठवीत येऊन बसते तेव्हा बीजगणित त्याच्या डोक्यावरून जाणारच. उपाय दाखल्यात नाही, उजळणीत आहे. आठवीच्या पहिल्याच महिन्यात प्रत्येक मुलाचे वाचन आणि भागाकार तपासावा. जे मागे असतील त्यांना रोज एक तास, शाळेतील सर्वांत अनुभवी शिक्षकाने द्यावा. आपण नेमके उलट करतो. उत्तम शिक्षक गुणवत्ता यादीच्या मुलांना आणि नवखा शिक्षक अडखळणाऱ्यांना!

सुवर्णमहोत्सवाचा एक संकल्प

शेवटी एकच सूचना करतो. यापुढे प्रत्येक वार्षिक सभेत दहावीच्या निकालाबरोबर त्याच तुकडीचा आठवीचा हजेरीपट वाचावा. प्रत्येक नावापुढे ते मूल आज कोठे आहे, हे लिहिलेले असावे. जनरल रजिस्टरमध्ये शाळा सोडल्याच्या कारणाचा रकाना असतो. कोणी बदलीमुळे गेले असेल तर तसे नोंदवावे. पण तेथे केवळ 'पालकांची विनंती' एवढेच असेल, तर शिक्षकाने त्या घरी जाऊन पुन्हा विचारावे. माजी विद्यार्थी संघाने कमान उभारण्याआधी गळालेल्या मुलांच्या घरची वाट धरावी. या कामाला अनुदान लागत नाही, शासननिर्णय लागत नाही.

कदाचित पहिल्या वर्षी आपला निकाल शंभरावरून ऐंशीवर येईल. तसे झाले तर मला अवश्य कळवा. मी ती बातमी पहिल्या पानावर छापण्याचा प्रयत्न करीन आणि या वेळी मथळा लिहिण्यापूर्वी हजेरीपट मागून घेईन. त्या दुकानातील मुलाचे माझ्यावर एवढे ऋण आहे.