परदेशी वैमानिक आणि स्वदेशी मनुष्यबळ

15 ऑक्टोबर 1932 रोजी टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून निघालेले एक लहानसे विमान अहमदाबादमार्गे मुंबईला जुहू येथे उतरले. ते चालवीत होते जे. आर. डी. टाटा. भारतात वैमानिकाचा पहिला परवाना 1929 साली त्यांनाच मिळाला होता. मुंबईहून तेच टपाल पुढे मद्रासला नेले ते नेव्हिल व्हिन्सेंट या ब्रिटिश हवाई दलातील माजी वैमानिकाने. भारतीय विमान वाहतुकीचा आरंभ असा एका स्वदेशी आणि एका परदेशी वैमानिकाच्या हातून झाला. ही गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे परदेशी वैमानिक नेमावेत की नाहीत, हा वाद केवळ स्वाभिमानाचा राहत नाही. ते कशासाठी, किती काळ आणि कोणत्या अटींवर नेमावेत, हा खरा प्रश्न होय.

परदेशी वैमानिकाला दोन दारे ओलांडावी लागतात. पहिले दार पात्रतेचे. 1944 च्या शिकागो करारानुसार, विमान ज्या राष्ट्रात नोंदलेले असते, त्याच राष्ट्राने वैमानिकाला परवाना दिलेला असावा लागतो किंवा त्याचा परवाना ग्राह्य ठरविलेला असावा लागतो. भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालय परदेशी परवानाधारकाला ठरावीक मुदतीची तात्पुरती अनुज्ञा देते. दुसरे दार रोजगाराचे. त्यासाठी गृह मंत्रालयाची सुरक्षाविषयक संमती आणि रोजगार व्हिसा आवश्यक असतो. आणि ज्या कामासाठी पात्र भारतीय मोठ्या संख्येने उपलब्ध आहेत, त्या कामासाठी असा व्हिसा देऊ नये, असे धोरण आहे.

येथेच एक विसंगती दिसते. व्यावसायिक परवाना मिळालेले तरुण नोकरीच्या प्रतीक्षेत बसलेले असतात, आणि त्याच वेळी विमान कंपन्या वैमानिकांचा तुटवडा असल्याचे सांगतात. दोन्ही म्हणणी खरी असू शकतात. तुटवडा बहुधा सहवैमानिकांचा नसतो. तो कप्तानांचा असतो. व्यावसायिक परवाना 200 तासांच्या उड्डाणानंतर मिळू शकतो. कप्तानाला आवश्यक असलेल्या वरच्या परवान्यासाठी 1500 तास लागतात. वर्षाला 1000 तासांहून अधिक उड्डाण करण्यास नियमांनी मनाई असल्यामुळे मधले 1300 तास भरण्यास सव्वा वर्षाहून अधिक काळ लागतोच. प्रत्यक्षात कप्तानपदाची जबाबदारी येईपर्यंत कित्येक वर्षे जातात. विमान विकत घेता येते. अनुभव मात्र उड्डाणातूनच मिळवावा लागतो.

1953 साली राष्ट्रीयीकरण झाल्यावर दीर्घकाळ वाढीचा वेग मर्यादित राहिला, त्यामुळे ही अडचण फारशी जाणवली नाही. 2003 नंतर स्वस्त दराच्या विमानसेवा सुरू झाल्या, विमानांची संख्या झपाट्याने वाढली, आणि परदेशी कप्तान मोठ्या प्रमाणावर आले. त्यांच्या सेवा संपविण्यासाठी 2010 सालची मुदत घालण्यात आली होती. ती पाळली गेली नाही. पुढे वाढवीत न्यावी लागली. कारण उघड आहे. मुदत कागदावर होती. तिच्याबरोबर किती सहवैमानिक कधी कप्तान होणार, याचा हिशेब पुरेसा मांडलेला नव्हता.

असा हिशेब मांडता येतो, हे इथिओपियाने दाखविले. तेथील राष्ट्रीय विमान कंपनी 1945 साली एका अमेरिकन कंपनीशी करार करून स्थापन झाली. 1946 साली उड्डाणे सुरू झाली तेव्हा वैमानिक आणि व्यवस्थापक अमेरिकन होते. परंतु स्थानिकांना प्रशिक्षण देऊन त्यांच्या हाती कारभार सोपविणे, हे ध्येय ठेवले गेले. 1957 साली अलेमायेहू अबेबे कप्तान झाले. 1971 साली सेमरेट मेधाने हे पहिले इथिओपियन महाव्यवस्थापक झाले. आज अदिस अबाबाच्या प्रशिक्षण संस्थेत आफ्रिकेतील इतर देशांचेही विद्यार्थी येतात. यासाठी परदेशी माणसाला दोष द्यावा लागला नाही. त्याच्याकडून विद्या घ्यावी लागली.

भारतातही 1985 साली रायबरेलीजवळ फुरसतगंज येथे इंदिरा गांधी राष्ट्रीय उड्डाण अकादमी स्थापन झाली. तथापि शाळेतून बाहेर पडणारा विद्यार्थी आणि विमानाचा कप्तान यांच्यामधला पूल विमान कंपन्यांनीच बांधावयाचा असतो. तयार कप्तान बाहेरून आणणे त्यांना तत्काळ सोयीचे वाटते. परंतु त्या सोयीची किंमत कर्ज काढून शिकलेल्या तरुणाला मोजावी लागते. दुसरीकडे परदेशी वैमानिकाचीही स्थिती सुरक्षित नसते. अनुज्ञेची मुदत आणि नोकरी एकाच वेळी संपली, तर त्याला आपले बिऱ्हाड उचलून दुसऱ्या देशाची वाट धरावी लागते.

म्हणून परदेशी कप्तानाला दिलेल्या प्रत्येक अनुज्ञेबरोबर एका स्थानिक सहवैमानिकाच्या प्रशिक्षणाची जबाबदारी जोडणे, हा न्याय्य मार्ग ठरतो. मात्र तुटवडा दूर करण्यासाठी पात्रतेच्या अटी सैल करणे कदापि योग्य नव्हे. प्रवाशाला वैमानिकाचे पारपत्र कोणत्या देशाचे आहे, याच्याशी कर्तव्य नसते. त्याला सुखरूप उतरावयाचे असते. राष्ट्राला मात्र पुढच्या पिढीचाही विचार करावा लागतो, आणि परवानगीचे नियम त्याच विचारासाठी असतात.